ब्रिगेन, दोन वेळा

बर्गेनला जाणाऱ्या प्रत्येकाला ब्रिगेन बघून ये म्हणून सांगतात. नॉर्वेतल्या त्या शहरात बंदराच्या काठाला लागून जुनी लाकडी घरं एका ओळीत उभी आहेत, त्या वस्तीचं हे नाव. मी ती दोनदा पाहिली. पहिल्यांदा पाहिली तेव्हा कुर्डुवाडीत माझा भाऊ गेलेला होता आणि मला ते माहीत नव्हतं. माझ्याबरोबर चालणाऱ्या माझ्या मुलीला माहीत होतं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा मलाही माहीत होतं, आणि मी एकटी होते.

सोलापुरात परतल्यापासून आमच्या कॉलनीतल्या बायका नॉर्वेचे फोटो बघायला मागतात. मी दाखवते. लाल, पिवळी, पांढरी घरं बघून त्या म्हणतात, किती छान, कॅलेंडरवरच्यासारखं. एका फोटोत मी आहे. वर रेनकोट, खाली साडी, पायात मुलीचे बूट, आणि मी चांगली बत्तिशी दाखवून हसते आहे. तो फोटो आला की मी बोट जरा भरभर सरकवते.

मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. आता त्या नोकरीचा अर्थ सांगावा लागतो. पूर्वी दुसऱ्या गावाला फोन करायचा तर ट्रंक कॉल बुक करावा लागे, आणि कानाला हेडफोन लावून बसलेल्या आमच्यासारख्या बायका तो जोडून देत. लाइन लागली का, दोघांना एकमेकांचं ऐकू येतंय का, हे बघायला आम्हाला थोडं ऐकावंच लागे. त्यामुळे सोलापूर जिल्ह्यातली किती मरणं मी त्या त्या घरच्या माणसांच्या बरोबरीनं ऐकली असतील, त्याला गणती नाही. त्यात एक पद्धत होती. फोनवर ‘गेले’ असं कोणी म्हणत नसे. ‘अण्णांची तब्येत लई जास्त हाय, असाल तसं निघा,’ एवढंच म्हणायचं. पलीकडचा माणूस फक्त गाडी किती वाजता आहे ते विचारी. काय झालं, कुठल्या दवाखान्यात ठेवलंय, डॉक्टर काय म्हणाले, असं कोणी विचारत नसे. विचारलं तर समोरच्याला खरं सांगावं लागेल, हे दोघांनाही कळत असे. मला तर पहिल्या दोन शब्दांतच कळायचं, हा कॉल लग्नाचा की मरणाचा. शेजारच्या बोर्डावरच्या मैत्रिणींना मी खुणेनं तसं सांगायची, आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. माझ्या कानांचा मला चांगलाच तोरा होता.

माझा भाऊ कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होता. आई-वडील लवकर गेले, त्यामुळे माझं माहेर म्हणजे दादाच. सोलापूरहून पुण्या-मुंबईला जाणारी गाडी कुर्डुवाडीला थांबते. मी त्या गाडीत आहे असं कळलं की दादा प्लॅटफॉर्मवर यायचाच, रिटायर झाल्यावरसुद्धा. हातात पिशवी. तिच्यात कधी पेरू, कधी वहिनींच्या शेंगापोळ्या, काहीच नसलं तर स्टेशनबाहेरची गरम भजी. गाडी सुटेपर्यंत बोलायचा, आणि बोलण्यासारखं काही नसायचं. जेवलीस का, पाणी घेतलंस का, खिडकीतून हात बाहेर काढू नको. मी आजी व्हायला आले तरी आपलं खिडकीतून हात बाहेर काढू नको.

मुलगी-जावई बर्गेनला, तिचं पहिलं बाळंतपण आणि घरात ती दोघंच, म्हणून तीन महिन्यांच्या व्हिसावर मी नॉर्वेला निघाले. नवऱ्यानं आपल्याला तिकडची थंडी सोसायची नाही असं जाहीर करून टाकलं होतं, त्यामुळे मी एकटीच. त्या वेळी पहिल्यांदा मी एसीच्या डब्यात बसले होते. त्या डब्याच्या काचा काळपट असतात, बाहेरून आतलं दिसत नाही. कुर्डुवाडीला गाडी थांबली तेव्हा दादा पिशवी घेऊन डब्याच्या कडेकडेनं चालत एकेका काचेवर टकटक करत होता. मी आतून त्याला बघत होते, काचेवर थापा मारत होते. दाराकडे जावं तर लोकांच्या बॅगांनी वाट भरलेली. दारापाशी पोचेपर्यंत गाडी हलली आणि दादा दुसऱ्याच खिडकीला हात करत मागे राहिला. मला तेव्हा त्याची गंमत वाटली. फोन करून विचारलं, कुणाला टाटा करत होतास रे? तोही हसला. त्या दिवशीची भजी मग वर्कशॉपातल्या त्याच्या जुन्या दोस्तांनी खाल्ली म्हणे.

बर्गेनला नात झाली, सिझेरियननं. मी डिंक, अळीव, बाळंतशेपा सगळं बांधून नेलं होतं. शेगडीची धुरी तेवढी देता आली नाही, कारण त्या इमारतीत धूर दिसला की भोंगा वाजतो आणि शेजारीपाजारी जिने उतरून रस्त्यावर येतात. तेवढं सोडलं तर बाळंतपण मी आमच्या पद्धतीनंच चालवलं होतं. सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, कानाला रुमाल, गार पाण्यात हात नाही. मुलगी कुरकुरायची, पण ऐकायची.

आणि एका सकाळी तीच म्हणाली, आई, आवर, आज ब्रिगेन बघून येऊ.

बाहेर पाऊस. तिथं तो असतोच, आपल्याकडच्यासारखा कोसळून मोकळा होत नाही, दिवसभर नुसता भुरभुरत राहतो. मी म्हटलं, वेड लागलंय का, सव्वा महिना कुठं झालाय? ती म्हणाली, इथं बायका आठवड्यात बाहेर पडतात. मी म्हटलं, त्या पडू देत. तिनं वाद घातला नाही, गुपचूप बाळाला कपड्यांवर कपडे चढवायला लागली. जावयांनी कामाच्या दिवशी रजा काढली होती. माझा फोन त्यांनी सकाळीच मागून घेतला होता, काहीतरी अपडेट करायचंय म्हणाले. मुलीचे डोळे सुजलेले होते. बाळ रात्रभर जागवतं, असं मी मनात म्हटलं. नवऱ्याचा रोजचा सकाळचा फोन आला नव्हता. लाइट गेली असेल, असं म्हटलं. आता हे सगळं एकाखाली एक मांडलं तर लहान पोरालाही कळेल. मी मात्र पदर खोचून मुलीचे बूट घातले आणि निघाले.

खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं. बंदरातल्या पाण्याच्या कडेनं घरं उभी, टोकदार तिकोनी छपरं, एकमेकांना टेकलेली. काही इतकी कलली आहेत की आमच्या सोलापूरच्या महापालिकेनं कधीच नोटीस लावली असती. समोरून बघितलं तर भिंत, पण दोन घरांच्या मधून बोळ आत जातात, आणि आत मागे पुन्हा घरं, जिने, गॅलऱ्या, सगळं लाकडाचं. पायाखाली फळ्या. डांबराचा वास. दोन्ही बाजूंना हात लावता येईल इतका बोळ अरुंद. मी जावयांना म्हटलं, ही तर आपली सोलापूरची चाटी गल्ली झाली, फक्त कापडाची दुकानं नाहीत. ते हसले. सकाळपासून ते तेवढंच हसले.

जावई माहिती सांगत होते. शेकडो वर्षांपूर्वी इथं जर्मन व्यापाऱ्यांची माणसं राहायची. उत्तरेकडून वाळवलेला मासा यायचा, तो घ्यायचा आणि धान्य द्यायचं, हा धंदा. ती सगळी पुरुषमाणसं, लग्न करायचं नाही, गावातल्या बायकांशी संसार मांडायचा नाही. ही वस्ती कितीदा जळाली आणि कितीदा तशीच पुन्हा बांधली. म्हणून नियम असा, की राहत्या घरात विस्तव पेटवायचा नाही. शेगडी नाही, दिवा नाही. मागच्या बाजूला एक वेगळी इमारत, तिथं सगळ्यांचा स्वयंपाक आणि तिथंच काय ती ऊब. बाकी हिवाळाभर अंधारात आणि गारठ्यात झोपायचं. मी म्हटलं, चूल नाही ते घर कसलं? आमच्याकडे कुणी गेलं तरच घरात चूल पेटत नाही.

हे मी म्हटलं. माझ्या तोंडानं म्हटलं. मुलीनं बाळाचं टोपडं नीट करायला खाली वाकून बराच वेळ लावला.

पुढे मी विचारलं, मग त्यांची घरची माणसं? गावाकडचं त्यांना कसं कळायचं? जावई म्हणाले, जहाजातून निरोप यायचा, तोही समुद्र चांगला असेल तेव्हा. हिवाळ्यात काहीच नाही. मला टेलिफोनवाल्या बाईला याचं फारच वाईट वाटलं. मी म्हटलं, म्हणजे घरचं माणूस जाऊन महिने झाले तरी हा इथं मासे मोजत बसलेला. बिचारे.

मुलगी म्हणाली, आई, थंडी वाजते, आत बसू.

जवळच त्या वस्तीत खणताना सापडलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. तिथं काचेत लाकडाच्या छोट्या कांड्या ठेवल्या आहेत, त्यांवर चाकूनं कोरलेली जुनी अक्षरं. माणसं एकमेकांना असे निरोप पाठवायची. एका कांडीवरचा निरोप जावयांनी वाचून सांगितला. कुणा बाईनं कुणा पुरुषाला सांगितलं होतं, घरी ये. बस, एवढंच. मला हसू आवरेना. मी म्हटलं, हा तर अर्जंट कॉल. माझ्या नोकरीतल्या गोष्टी मग मी सुरू केल्या, कॉल कसे लागायचे, माणसं कशी ओरडायची. मुलगी ऐकता ऐकता उठली आणि बाळाला दूध पाजायचं म्हणून दुसरीकडे गेली. बराच वेळ आली नाही. शेवटी आम्ही वॉफल खाल्लं, वर तिकडचं तपकिरी गोडसर चीज. मी दोन खाल्ली. एका प्रवाशानं आमचा सगळ्यांचा फोटो काढला. तोच तो फोटो. नीट बघितलं तर सगळ्यांत मी एकटीच कॅमेऱ्याकडे बघते आहे. मुलगी माझ्याकडे बघते आहे.

घड्याळ मी नंतर लावून बघितलं. आपल्याकडे दुपार कलली होती. कुर्डुवाडीच्या घरासमोर माणसं जमली होती, पुण्याहून भाचा पोचायची वाट बघून मग दादाला उचललं. माझ्या माहेरी चूल पेटलेली नव्हती आणि मी दुसरं वॉफल मागत होते.

पुढचे दिवस मला फोनवर सगळे नेहमीसारखे बोलले. नवरा भाजीचे भाव सांगायचा. मी दादाला दोनदा फोन लावला, तर कुणीच उचलला नाही, भाच्याचा मेसेज आला की बाबांचा फोन बिघडलाय. मी म्हटलं, रेल्वेचा फिटर आणि स्वतःचा फोन दुरुस्त होईना. त्यावर भाच्यानं हसरा चेहरा पाठवला. वडिलांचं सुतक पाळणाऱ्या पोराला मी तो पाठवायला लावला.

दादाचं तेरावं उरकेपर्यंत मला सांगायचं नाही, असं ठरलं होतं. मी गॅसपाशी अळिवाची खीर ढवळत होते. मुलगी मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली,

“आई, मामाची तब्येत जास्त आहे.”

मी खीर ढवळायची थांबले नाही, कारण हातानं तेवढं ऐकलं नाही. तोंडानं विचारलं,

“कधी गेला?”

ती रडायला लागली. मी गॅस बंद केला. मग तिनं दिवस सांगितला आणि मी मागे मोजत मोजत त्या फोटोतल्या रेनकोटपाशी येऊन थांबले.

सकाळी चहा घेता घेता गेला. कपसुद्धा खाली नीट ठेवला होता, असं तिनं सांगितलं, कारण मी तेच विचारलं. मला काय विचारावं सुचत नव्हतं.

लग्न झालेल्या बहिणीला भावाचं सुतक किती दिवसांचं, यावर आमच्याकडच्या बायकांचं कधी एकमत झालेलं नाही. पण ऐकलं की डोक्यावरून पाणी घ्यायचं, यावर आहे. घरात बाळ होतं, त्याला हात लावायचा तर अंघोळ पाहिजेच. मी न्हाणीत गेले. न्हाणी कसली, काचेचं कपाट ते, वरून पाणी. कुर्डुवाडीला मी असते तर गल्लीच्या तोंडापासून रडत आत गेले असते. बायकांनी मला धरलं असतं, वहिनींनी गळ्यात पडून दादाचं एकेक काढलं असतं, मीही काढलं असतं, आणि कुणीही गप्प बस म्हटलं नसतं. इथं भिंतीपलीकडे परकी माणसं, दाराबाहेर टाके घातलेली पोरगी, तिच्याजवळ आत्ता कुठं झोपलेलं बाळ. मी तोंडात टॉवेल धरला. सोलापूरचाच टॉवेल, मीच नेलेला. पाणी बंद करून बाहेर आले, खीर गरम केली आणि मुलीला वाढली.

रात्री नवऱ्याला फोन लावला आणि वाटेल ते बोलले. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, तू येऊन काय करणार होतीस? पोचेपर्यंत सगळं झालंच असतं. तिकडं पोरगी एकटी पडली असती. आम्ही सगळ्यांनी बसून ठरवलं. वहिनीसुद्धा हो म्हणाल्या. म्हणजे दादा ओसरीवर, आणि त्याच्या उशाशी बसून सगळ्यांनी माझ्याबद्दल ठरवलं. माझ्याबद्दल, मला सोडून. आयुष्यभर मी परक्यांना त्यांच्या माणसांचे निरोप जोडून दिले, आणि माझा निरोप माझ्याच माणसांनी अडवून ठेवला. याचा मला किती राग आला होता, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

मुलीशी मी दोन दिवस कामापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी तेल लावून घेताना ती म्हणाली, “तुला सांगितलं असतं तर तू गेली असतीस. मला तू हवी होतीस.”

मी तिच्या पाठीला तेल लावत राहिले. तिचं बरोबर होतं. मी गेले असते. मिळेल त्या विमानात बसले असते, दादाचं तोंड बघायला मिळणार नाही हे माहीत असून गेले असते, आणि ही इथं टाके सांभाळत एकटी पडली असती. मला तिचं म्हणणं समजलं. माफ केलं असं मात्र झालं नाही, आणि तिनंही ते मागितलं नाही.

त्या दुपारी मी फिरून येते म्हणून एकटीच बाहेर पडले आणि उतार उतरत ब्रिगेनला गेले. का गेले ते तेव्हा कळलं नाही. बहुतेक त्या दिवशी मी जिथं होते तिथं निदान एकदा नीट दुःखात उभं राहावं, असं वाटलं असेल. घरं तीच होती. पण या वेळी लाल-पिवळा रंग पाण्यात विरघळल्यासारखा फिका दिसत होता, आणि बोळात शिरले तर आत कुबट अंधार. विस्तव नसलेल्या त्या खोल्या, बंद दारं, कललेल्या भिंती. मला वाटलं, ही अख्खी वस्तीच सुतकात बसली आहे, पाहुणे येतात, फोटो काढतात आणि हिला कुणी विचारत नाही. एका जिन्याच्या पायरीवर मी बसले. साडी भिजत होती. इथं तरी रडू म्हटलं, तर जपानी की चिनी मंडळींचा एक घोळका छत्र्या घेऊन आला आणि अदबीनं माझ्या बाजूनं निघून गेला. मी उगाच बुटाची नाडी बांधली.

समोर लोकरीच्या टोप्या-मोज्यांचं छोटं दुकान होतं. त्यातली बाई बाहेर आली. माझ्याच वयाची असेल. तिनं इंग्रजीत विचारलं, तुम्ही बऱ्या आहात ना? माझं इंग्रजी ऑपरेटरचं, तीन मिनिटं झाली, बोलणं वाढवायचं का, इतपत. मी उठून उभी राहिले आणि सांगायला तोंड उघडलं.

आणि ‘भाऊ गेला’ असं माझ्या तोंडून निघेना. मी म्हणाले,

“माय ब्रदर इज व्हेरी सिक.”

आमच्याकडच्या कुठल्याही माणसाला हे ऐकून सगळं कळलं असतं. त्यानं मान खाली घातली असती आणि गाडी कधीची आहे ते विचारलं असतं. त्या बाईनं मात्र विचारलं, काय झालंय त्यांना? दवाखान्यात आहेत का? डॉक्टर चांगले आहेत का तिथले?

हे प्रश्न मी इतक्या वर्षांत कुणाला विचारताना ऐकले नव्हते. मी काय करायला हवं होतं, ते मला माहीत आहे. मी म्हणाले, हार्टचं आहे. म्हणाले, डॉक्टर चांगले आहेत, दवाखाना सोलापुरातला मोठा आहे. तिनं माझा हात धरून आत नेलं, खुर्ची दिली, कॉफी दिली. मी बोलत राहिले. म्हणाले, त्याची बायको जवळ आहे, मुलगा पुण्याहून आलाय. म्हणाले, आज जरा बरं आहे म्हणतात, थोडी पेज घेतली. ती म्हणाली, मग लवकर बरे होतील, तुम्ही घरी गेलात की भेटतील. मी म्हणाले, हो, तो स्टेशनवर येतो.

मला तेव्हा बरं वाटत होतं. दुःख नव्हतं, लाज नव्हती, दादाला उतार पडत होता. कॉफी संपली तसं ते बरं वाटणंही संपलं. मी तिचे आभार मानून बाहेर पडले. आता जगात एक बाई होती जिच्या लेखी माझा भाऊ जिवंत होता, आणि ती टोप्यांच्या घड्या घालत होती. मग लक्षात आलं, बारा दिवस मीही तशीच बाई होते. पाऊस वाढला होता, मी चढ चढून घरी आले आणि मुलीनं काही विचारण्याआधी भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

व्हिसा संपेपर्यंत मी राहिले. आता लवकर जाऊन तरी काय होतं? तिकडं सगळं उरकलं होतं, आणि इथं बाळानं अजून मान धरली नव्हती. बाळाला न्हाऊ घातलं, मुलीला सव्वा महिन्यानंतर स्वयंपाकात घेतलं, बारशाला पुरणावरणाचं केलं. विमानतळावर मुलगी गळ्यात पडली. मी तिला जवळ घेतलं. काळजी घे म्हटलं. दोघींपैकी कुणीही मामाचं नाव काढलं नाही.

मुंबईहून मी सोलापूरला न जाता आधी कुर्डुवाडीला उतरले. नवरा स्टेशनवर आला होता, त्यानं बॅगा घेतल्या आणि मागे मागे चालला. मी गल्लीच्या तोंडाशी आले. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं छातीशी आलं होतं. म्हटलं, आता कुणी अडवणार नाही.

दार उघडं होतं. आत टीव्ही चालू होता. वहिनी खाली बसून लसूण सोलत होत्या. मला बघून त्यांनी हात पुसले, टीव्ही बंद केला, पाणी आणलं. प्रवास कसा झाला विचारलं. बाळ कुणावर गेलंय विचारलं. भिंतीवर दादाचा फोटो होता, त्यावरचा हार नायलॉनच्या फुलांचा, म्हणजे खरी फुलं केव्हाच काढून टाकली होती. शेजारची एक बाई डोकावली, कधी आलासा म्हणाली, आणि पिठाचा डबा घेऊन गिरणीला गेली. मी वहिनींकडे बघत राहिले. त्या माझ्या गळ्यात पडतील म्हणून मी अजून उभीच होते.

त्यांना ते कळलं असावं. त्यांनी माझा हात धरून मला पलंगावर बसवलं, दादाच्याच, आणि स्वतः समोर स्टूल ओढून घेतलं.

“आमचं रडून झालं बगा, वन्सं,” त्या म्हणाल्या. “लई रडलो. आता डोळ्यात काय न्हाय. तुमचं ऱ्हायलंय, तुमी रडा. मी बसते हितं.”

त्या खरंच बसल्या. मांडीवर हात ठेवून, माझ्याकडे बघत. मी डोळे मिटले. दादाला आठवलं, त्याचा आवाज आठवला, रडायला तोंड उघडलं, आणि काही आलंच नाही. वहिनींनी बराच वेळ वाट बघितली. मग तुमचं चालू द्या म्हणाल्या, आणि कुकर लावायला आत गेल्या.